देवघेवीच्या टेबलावरचं पिस्तूल

मी एक जुनं पिस्तूल आहे. घाबरू नका, मित्रांनो. माझ्यातून आजवर एकही गोळी सुटलेली नाही. मी आहे स्कॅनर, म्हणजे पुस्तकावर चिकटवलेल्या काळ्या रेघा वाचणारं यंत्र. माझी मूठ हातात धरायची, घोडा दाबायचा, की माझ्या तोंडातून लाल उजेडाची रेघ निघते, ती त्या काळ्या रेघांवर पडते आणि मी ‘पीं’ म्हणतो. एवढंच माझं काम. पण अंगकाठी अशी असल्यामुळे वाचनालयात सगळे मला पिस्तूलच म्हणत. आणि खरं सांगायचं तर एका माणसाच्या बाबतीत मी ते नाव सार्थ केलं.

तुम्ही जुन्या खुर्चीचं किंवा फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त वाचलं असेल. ती मंडळी फार सोशीक. कुणी मोडलं, कुणी टाकून दिलं, तरी मुकाट्यानं कोपऱ्यात पडून राहतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात. मी त्यांच्यातला नाही. मी माफ केलेलं नाही. मी डूख धरला, वाट पाहिली आणि एक दिवस सगळं उट्टं काढलं. ते कसं, तेच आज सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर आम्ही भावंडं ओळीनं बसलो होतो. निळा अंगरखा घातलेल्या एका बाईनं माझ्या तोंडाशी काच बसवली, माझ्यासमोर एक रेघांचा कागद धरला आणि मी पहिल्यांदा ‘पीं’ म्हणालो. ती हसली आणि तिनं मला खोक्यात घातलं. माझी बाकीची भावंडं दुकानांत गेली. जन्मभर साबण आणि बिस्किटं वाचत बसली बिचारी. माझ्या नशिबात मात्र पुस्तकं होती.

मी वाचनालयात आलो तेव्हा तिथली कपाटं कुलूपबंद असत. वाचकानं खिडकीशी उभं राहायचं, नाव सांगायचं, आतल्या माणसानं शोधायला जायचं आणि बऱ्याचदा हात हलवत परत यायचं. कुठलं पुस्तक कुठं आहे आणि कुणाकडे गेलं आहे, हे कळायला अर्धा दिवस जाई. माझ्याबरोबर संगणक आला. तो माझा थोरला भाऊ. मी डोळा, तो डोकं. आम्ही दोघं आलो आणि कपाटांची कुलपं निघाली. वाचक स्वतः आत जाऊन पुस्तकं हाताळू लागले. पुढे तर घरबसल्या फोनवर कळू लागलं की हवं ते पुस्तक वाचनालयात आहे की नाही. नसेल तर फोनवरूनच नंबर लावता येई.

हे सगळं ज्यांच्यामुळे झालं त्या देवघेवीच्या बाई. पुस्तकं देण्याघेण्याचं टेबल त्यांचं, म्हणून हे नाव. वाचनालयातल्या प्रत्येक पुस्तकावर रेघांची चिकटी त्यांनी स्वतःच्या हातानं लावली. एक नाही, दोन लावल्या. एक बाहेर, वेष्टनावर. दुसरी आत, गुप्त पानावर. तुम्हाला गुप्त पान ठाऊक नसेल. प्रत्येक वाचनालयाचं एक ठरलेलं पान असतं. कुठलंही पुस्तक आलं की त्या पानावर खूण करून ठेवतात, म्हणजे वरचं सगळं फाटलं, बदललं, तरी पुस्तक कुणाचं ते कळतं. आमचं पान कितवं, ते मी तुम्हाला सांगणार नाही. गुपित ते गुपित.

“बाई, एका पुस्तकाला दोन-दोन चिकट्या कशाला?” शिपाईकाकांनी विचारलं होतं.

“बाहेरची हातांनी झिजते हो काका. झिजली की आतली वाचायची.”

आणि तसंच होई. बाहेरची चिकटी मला वाचता आली नाही, तर बाईंचा अंगठा न बघता नेमका त्या पानावर जाई. माझ्या मुठीला सगळ्यात ओळखीचा हात तोच. दर सकाळी पदरानं माझी काच पुसायच्या आणि म्हणायच्या, “चला, डोळे उघडा.” त्यांच्या पगारावर घर चालत होतं. घरी अंथरुणाला खिळलेले सासरे होते आणि कॉलेजात जाणारी मुलगी होती. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे ह्याच घरावर घाला आला.

माझे कौतुकाचे दिवस होते ते. मुलं म्हणायची, “एकदा मला दाबू द्या ना!” म्हातारे वाचक म्हणायचे, “काय झटपट होतं हो आता.” मी फुगलो होतो. माझ्यासमोरून कुणी पुस्तक नेलं आणि मला कळलं नाही, असं होणंच शक्य नाही, असं मला वाटे.

मग अध्यक्षांची स्वारी आली.

अध्यक्ष म्हणजे वाचनालयाच्या मंडळाचे प्रमुख. मी त्यांना अहोजाहो करतो ते बाईंनी वळण लावलं म्हणून, मनापासून नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मला उचललं, ग्रंथपाल सरांच्या छातीवर रोखलं आणि म्हणाले, “हात वर करा!” सगळे हसले. ग्रंथपाल सरांनी खरंच हात वर केले. तेवढ्यावरून मला दोघांची ओळख पटली.

अध्यक्ष पुस्तकं वाचत नसत. ते पुस्तकं निवडत. त्यांच्या नव्या दिवाणखान्यात सोफ्यामागे काचेचं कपाट होतं, आणि त्याला शोभतील अशी जाडजूड, कापडी बांधणीची, सोनेरी अक्षरांची पुस्तकं त्यांना लागत. ते सरळ आत जात, दोन-चार काखेत मारत आणि टेबलासमोरून निघत.

“साहेब, नोंद करून देते ना. एक मिनिट,” बाई म्हणत.

“घरच्या माणसाला कसली नोंद, बाई? आणून देईन की वाचून झालं की. माझ्यावर पिस्तूल रोखता का?”

बाई हातात घेतलेला मला पुन्हा खाली ठेवत. ग्रंथपाल सर तर तोंडात मूग धरूनच जन्माला आले होते. आणि मी? माझा घोडा कुणी दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही, मित्रांनो. पुस्तकं माझ्या डोळ्यांदेखत जात होती आणि मी आ वासून पाहत होतो. त्यांत एक लाल कापडी बांधणीचं होतं. कोट, झगे, गणवेश कसे बेतायचे आणि कापायचे, हे शिकवणारं, आत घडीचे मोठे नमुने असलेलं. त्याची वाचनालयात एकच प्रत होती. अध्यक्षांना त्यातलं काही कळण्यासारखं नव्हतं. पण लाल रंग सोफ्याला जुळत होता.

आता शिवणवाल्या ताईंचं ऐका. त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत. दुसऱ्यांच्या दुकानांसाठी काजं करायची, बटणं लावायची, कडा दुमडायच्या, असं जन्मभर केलेलं. त्यांना कापायला शिकायचं होतं. त्यांच्या घराजवळ एक गाळा रिकामा होता आणि मालक त्यांच्यासाठी थांबायला तयार होता. त्यांनी फोनवर शोधलं आणि ते लाल पुस्तक सापडलं. माझ्या भावानं प्रामाणिकपणे दाखवलं: शेल्फवर उपलब्ध. कारण ते गेल्याचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

दोन बस बदलून ताई आल्या. जागेवर पुस्तक नाही. परत गेल्या. पुन्हा फोन पाहिला, पुन्हा ‘उपलब्ध’. पुन्हा आल्या.

“अहो बाई, आहे म्हणतंय की हे फोनमध्ये,” ताई म्हणाल्या.

“म्हणतंय खरं. पण जागेवर नाहीये हो. आत्ता तिसऱ्यांदा बघून आले.”

“मग खोटं कोण बोलतंय? तुम्ही की हे?” ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

ते बोट मला अजून टोचतं. बाईंनी त्यांचा नंबर लावून घेतला आणि म्हणाल्या, “पुस्तक आलं की पहिला निरोप तुम्हाला.” पण मला माहीत होतं, निरोप जाणार नव्हता. एक दिवस ताईंचा संयम सुटला. त्या टेबलाशी भांडत असताना नेमके अध्यक्ष आतून आले, काखेत आणखी दोन पुस्तकं घेऊन.

“साहेब, तुमचा हा संगणक गरिबाला उगाच हेलपाटे घालायला लावतो,” ताई म्हणाल्या.

अध्यक्षांनी पुस्तकं काखेतून जराही हलवली नाहीत. मोकळ्या हातानं त्यांनी मला उचललं. “हे होय? अहो, हे खेळणं आहे. याला काय कळतंय! खोटारडं यंत्र आहे,” असं म्हणून त्यांनी मला टेबलावर फेकलं. मी घसरलो, कडेवरून खाली गेलो आणि वायरीला लोंबकळत टेबलाच्या पायावर आपटलो. माझा गाल तडकला.

अध्यक्ष निघून गेले. बाईंनी मला वर घेतलं, घरून आणलेली औषधाची चिकटपट्टी माझ्या गालावर गुंडाळली आणि घोडा दाबून पाहिला. मी ‘पीं’ म्हणालो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या डोळ्यांत मात्र आग होती. चोर तो, आणि खोटारडा मी? त्या दिवशी मी डूख धरला.

मग साठा तपासणी आली. म्हणजे एकेका कपाटाशी जाऊन प्रत्येक पुस्तक मला दाखवायचं. संगणकाला एका ढकलगाडीवर ठेवलं, मला त्याच्या शेजारी, आणि बाई आम्हाला घेऊन सगळीकडे फिरल्या. कपाटांत जागोजाग भोकं होती. जी गेली ती सगळी जाडजूड, सगळी सोनेरी अक्षरांची. बाईंना कळायचं ते कळलं. पण पुरावा? मला दाखवून नेलेलं एकही नव्हतं, आणि मंडळ काही ठरवेपर्यंत संगणकात ती ‘उपलब्ध’च राहिली.

मंडळाची बैठक वाचनकक्षातच भरली. मी टेबलावरून सगळं ऐकत होतो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या त्या दिवशी मी ऐकल्या.

“पुस्तकं कुठून जातात? काउंटरवरून,” अध्यक्ष म्हणाले. “काउंटरवर कोण असतं?”

ग्रंथपाल सर चष्मा पुसत बसले.

“बाईंना महिनाअखेर मोकळं करा. आणि हे यंत्र बंद. कपाटांना पूर्वीसारखी कुलपं लावा. वाचकानं मागावं, आपण द्यावं. सगळ्यांना आत सोडलं की असं होतं.”

“पण साहेब, वाचकांना आता सवय...” ग्रंथपाल सर कसंबसं म्हणाले.

“सवयी मोडता येतात. तेवढा माझा समारंभ होऊन जाऊ दे, मग कामाला लागा.”

वड्याचं तेल वांग्यावर निघालं ते असं. बाईंनी त्या संध्याकाळी माझी काच पुसली नाही. टेबलावर डोकं ठेवून बसल्या. “घरी काय सांगू रे?” असं त्या मला म्हणाल्या. मला त्यांना एवढंच सांगायचं होतं की महिनाअखेरीपर्यंत थांबा.

आता समारंभ कसला, ते सांगतो. अध्यक्षांच्या सूनबाईंनी दिवाणखाना नव्यानं सजवायला काढला होता. सोफा बदलून करडा आला, आणि करड्या सोफ्यामागे लाल-निळी पुस्तकं त्यांना बरी दिसेनात. “बाबा, ह्यांचं काहीतरी करा,” त्या म्हणाल्या. अध्यक्षांनी काय करायचं ठरवलं माहीत आहे? वाचनालयाला देणगी! पुस्तकं काचेआड इतकी वर्षं होती की ती आपली नाहीत, हे ते साफ विसरून गेले होते. शिक्का मारलेल्या पहिल्या पानावर स्वतःच्या नावाची छापील पट्टी त्यांनी कधीच डकवली होती. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ना, इथे तर तुळशीपत्र हलवायाच्याच हातात ठेवायला निघाले होते. रिबिनी बांधलेल्या पेट्या समारंभाच्याच सकाळी आल्या, आणि समारंभाआधी कुणी उघडायच्या नाहीत, अशी सक्त ताकीद आली.

वाचनकक्षात खुर्च्या मांडल्या. संगणकावर दिसेल ते सगळ्यांना दिसावं म्हणून भिंतीवर मोठा पडदा लावला. पुढच्या रांगेत अध्यक्षांच्या पत्नी आणि सूनबाई. मागे वाचक. आणि दाराशी, नंबराची चौकशी करायला आलेल्या आणि आज देवघेव बंद म्हणून अडकलेल्या शिवणवाल्या ताई.

“वाचनालयाची पुस्तकं चोरीला गेल्याचं ऐकलं आणि मला झोप लागेना,” अध्यक्ष बोलत होते. “शेवटी ठरवलं. माझा खासगी संग्रह, माझी जिवापाड जपलेली पुस्तकं, आज तुमच्या स्वाधीन करतो.”

टाळ्या पडल्या. पेटी उघडली. सगळ्यात वर ते लाल पुस्तक होतं. मी त्याला ओळखलं आणि माझ्या वायरीतून कळ गेली.

ग्रंथपाल सरांनी त्याच्या वेष्टनावर कोरी करकरीत नवी चिकटी लावली. पहिली नोंद अध्यक्षांनी स्वतः करायची होती. चिकटी वाचली की पडद्यावर ‘अध्यक्षांच्या संग्रहातून सप्रेम भेट’ अशी अक्षरं उमटणार होती. अध्यक्षांनी मला उचललं. त्यांनी नेम धरला आणि घोडा दाबला.

मित्रांनो, मला जन्मात दोनच गोष्टी करता येतात. एक, पीं म्हणणं. दुसरी, न म्हणणं. ती नवी चिकटी मी हातभर अंतरावरूनसुद्धा वाचली असती. मी गप्प बसलो.

त्यांनी पुन्हा दाबलं. मी गप्प. मागे कुणीतरी खुसखुसलं. त्यांनी मला टेबलावर दाणकन आपटलं. दुखलं, पण मी ब्र काढला नाही.

“बघितलंत?” अध्यक्ष लोकांकडे वळून म्हणाले. “हे असलं यंत्र, म्हणून पुस्तकं जातात. बाई, तुम्ही लावून बघा.”

बाई पुढे आल्या. त्यांनी मला हातात घेतलं आणि दुसऱ्या हातानं पुस्तक ओढलं. लाल कापडावर बोटं पडली आणि थांबली. ते पुस्तक त्यांनी स्वतः पुसलं होतं, स्वतः कपाटात लावलं होतं. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. मग माझ्या तडकलेल्या गालाकडे पाहिलं. मग त्यांचा अंगठा नेहमीसारखा गुप्त पानावर गेला. तिथे आमची जुनी चिकटी होती, कडेनं पिवळी पडलेली, पण शाबूत. त्यांनी घोडा दाबला.

पीं!

इतकं खणखणीत मी त्याआधी कधी बोललो नव्हतो आणि नंतरही नाही. पडद्यावर पुस्तकाचं नाव आलं. खाली आमच्या वाचनालयाचं नाव. प्रत: एकच. सद्यस्थिती: शेल्फवर उपलब्ध. नंबर लावलेले वाचक: एक.

अध्यक्षांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

“बिघडलंय. खोटं बोलतंय ते यंत्र,” ते म्हणाले.

“बिघडलं असेल साहेब,” बाई म्हणाल्या. “दुसरं लावून बघते.”

पीं! शेल्फवर उपलब्ध. बाईंनी तिसरं घेतलं. पीं! शेल्फवर उपलब्ध. मी थांबलो नाही. पेटीतून पुस्तक येत होतं, बाईंचा अंगठा पान उघडत होता आणि मी पडद्यावर एकेक गोळी झाडत होतो. लोक उभे राहून वाचू लागले. तेवढ्यात सूनबाई, अगदी भाबडेपणानं, मोठ्यानं म्हणाल्या, “अहो बाबा, ह्यांच्यावरच्या अशाच रेघांच्या चिकट्या तुम्ही मला सोलायला लावल्या होत्या ना? दिवाणखान्यात बऱ्या दिसत नाहीत म्हणून?”

अध्यक्षांच्या पत्नींनी पदर तोंडावर धरला. अध्यक्ष खाली बसले. कुणी त्यांना पाणीही विचारलं नाही.

मग दाराशी हालचाल झाली. शिवणवाल्या ताई खुर्च्यांमधून वाट काढत सरळ टेबलाशी आल्या.

“ते लाल पुस्तक माझ्या नंबरचं आहे ना? मग द्या की मला.”

“कार्ड?” बाई म्हणाल्या, रोजच्यासारख्या.

पीं, कार्ड. पीं, पुस्तक. ताईंनी ते काखेत मारलं आणि अध्यक्षांच्या समोरूनच बाहेर नेलं, नोंद करून.

अध्यक्षांनी प्रकृतीचं कारण देऊन राजीनामा दिला. बाईंची नोकरी राहिली, कपाटं उघडी राहिली. ग्रंथपाल सरांना वाचा फुटली आणि कुणीही असो, पुस्तक दाखवल्याशिवाय न्यायचं नाही, असा नियम त्यांनी केला. पुढे अध्यक्ष कधी आमच्या रस्त्यानं गेलेच, तर पलीकडच्या बाजूनं जात, मान खाली घालून, एकटे. तुम्हाला वाटेल, ते बघून मला वाईट वाटलं असेल. नाही वाटलं. बरं वाटलं.

का, ते विचारा. ताईंनी ते लाल पुस्तक परत आणलं तेव्हा त्याच्या घडीच्या नमुन्यांत पांढऱ्या दोऱ्याचा एक तुकडा राहिला होता. त्या कापायला उत्तम शिकल्या होत्या. “मग गाळा घेतलात का?” बाईंनी विचारलं.

“कुठला गाळा! मालक किती थांबणार? गेला तो कधीच. आता तिथे चपलांचं दुकान आहे. मी अजून काजंच करते.”

पुस्तक आलं, वेळ गेली. पुस्तक मी परत मिळवून दिलं, तो गाळा मला मिळवून देता आला नाही. म्हणून मी माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

आता मी निवृत्त आहे. वाचक स्वतःच्या फोननंच रेघा वाचतात आणि पुस्तक घेऊन जातात. रांग नाही, टेबल नाही. मी बाईंच्या खणात असतो, गालावरच्या पट्टीसकट. अधूनमधून त्या मला काढून पुसतात. त्यांनी एवढं जपलं म्हणून मी आहे. यंत्र असो की पुस्तक, जपणाऱ्याचंच ते होतं.

आणि मित्रांनो, जाता जाता एक. तुमच्या घरी, कपाटात किंवा पलंगाखाली, एक पुस्तक आहे. कुठल्या तरी वाचनालयातून आणलेलं. ‘वाचून झालं की देईन’ म्हणून ठेवलेलं आणि मग आपलंच वाटू लागलेलं. त्याच्यासाठी कुणीतरी दोन बस बदलून येतं आणि रिकाम्या हातानं परत जातं. त्याच्या आत एका पानावर एक चिकटी आहे. तुम्हाला ती सापडणार नाही. मला सापडेल. माझी वायर अजून शाबूत आहे आणि बाईंच्या खणाला कुलूप नाही.

उद्याच नेऊन द्या. मी वाट पाहण्यात पटाईत आहे.